तिलावाची शेवटची सफर

(दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झाले. या युद्धात सैनिकांबरोबरच लाखो साधी माणसेही मृत्युमुखी पडली. प्रस्तुत पाठात मुंबईहून आफ्रिकेला निघालेल्या एका जहाजाची हकीकत सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज मुंबईहून आफ्रिकेला जायचे असेल तर विमानाने काही तास पुरतात. पण एक काळ असा होता, की दूरच्या देशाला जायचे म्हणजे बोटीनेच जायचे. मुंबईहून हजला जाणारे यात्रेकरूही १९९५ पर्यंत बोटीने जिद्दाला जात असत. तुमच्या मोहल्ल्यात असा प्रवास केलेले एखादे वडीलधारे गृहस्थ असतील तर त्यांना विचारा. बोटीवरचे दिवस कसे जात, अंथरूण कुठे पसरत, जेवण कुठे शिजे, हे सारे ते तुम्हांला सांगतील. तिलावा ही अशीच एक बोट होती.

तिलावा जहाज १९२४ साली इंग्लंडमध्ये बांधले गेले. ते सुमारे दहा हजार टनांचे होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन या कंपनीच्या मालकीचे हे जहाज माल आणि प्रवासी दोन्ही नेत असे. अशा जहाजाला व्यापारी जहाज म्हणतात. ते लढाईसाठी बांधलेले नसते. त्यावर काम करणारे लोक सैनिक नसतात, खलाशी असतात. जहाज, बंदर, खलाशी हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले ना? हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. समुद्राने माणसांबरोबर शब्दही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेले आहेत.

त्या काळी ब्रिटिश जहाजांवर हजारो हिंदी खलाशी नोकरी करीत. कोणी कोकणातले, कोणी गोव्याचे, कोणी गुजरातचे, तर कोणी दूर सिल्हेटचे असत. कोणी डेकवर काम करी, कोणी इंजिनच्या भट्टीत कोळसा घाली, तर कोणी स्वयंपाक सांभाळी. डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाला सारंग म्हणत. महिनोन् महिने घरापासून दूर राहून हे लोक गावी पैसे पाठवीत. कोकणातील कितीतरी घरांच्या चुली या कमाईवर पेटत असत.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी तिलावा मुंबईहून निघाले. मोंबासा, मापुटो आणि डर्बन ही पुढची बंदरे होती. जहाजावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची, असे एकूण ९५८ लोक होते. प्रवाशांमध्ये बहुतेक हिंदी लोक होते. आफ्रिकेत हिंदी लोकांची दुकाने होती, धंदे होते, नातेवाईक होते. युद्धामुळे प्रवास कठीण झाला होता. तरी घरची ओढ कोणाला थांबवते? कोणी भावाकडे निघाला होता, कोणी कुटुंबाकडे. सोबत लहान मुलेही होती. जहाजाच्या पोटात हजारो टन माल होता. त्यात चांदीच्या विटाही होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी ही चांदी खरेदी केली होती. तिचे वजन सुमारे ६० टन होते. ही चांदी ध्यानात ठेवा. पाठाच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

त्या दिवसांत अरबी समुद्र सुरक्षित नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. काही महिन्यांतच त्याने मलाया आणि सिंगापूर जिंकून घेतले. मलायाच्या किनाऱ्याजवळ पेनांग नावाचे बेट आहे. तेथे जपानने पाणबुड्यांचा तळ केला. या पाणबुड्या हिंदी महासागर ओलांडून अरबी समुद्रापर्यंत येत आणि व्यापारी जहाजांची वाट पाहत. अन्न, कापड, तेल, औषधे, सारे काही जहाजानेच जात असे. जहाजे बुडवली, की शत्रूचा पुरवठा तुटतो. म्हणून व्यापारी जहाजे हे पाणबुडीचे मुख्य लक्ष्य असे.

पाणबुडी पाण्याखाली कशी जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिच्या अंगाला मोठ्या टाक्या असतात. टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले, की ती जड होते आणि खाली जाते. दाबलेली हवा सोडून ते पाणी बाहेर ढकलले, की ती हलकी होते आणि वर येते. त्या काळच्या पाणबुड्या पाण्यावर डिझेल इंजिनाने चालत. पाण्याखाली मात्र हवा नसल्यामुळे विजेच्या बॅटरीवर चालावे लागे. पाण्याखालून वरचे पाहण्यासाठी तिला एक लांब नळी असे. तिला पेरिस्कोप म्हणतात. तिचे शस्त्र म्हणजे टॉर्पेडो. मराठीत त्याला पाणतीर असे सुरेख नाव आहे. हा तीर स्वतःच्या इंजिनाने पाण्यातून धावतो आणि जहाजाच्या अंगावर आदळून फुटतो. बंदुकीची गोळी निदान आवाज करते. रात्रीच्या अंधारात पाणतीर मात्र येताना कोणाला दिसतही नाही.

२३ नोव्हेंबरच्या पहाटेची वेळ. सुमारे दोन वाजले होते. मुंबई सोडून ही तिसरी रात्र होती. आफ्रिकेचा किनारा अजून दूर होता. सेशेल्स बेटेही शेकडो मैलांवर होती. सोबतीला लढाऊ जहाज नव्हते. प्रवासी गाढ झोपेत होते. एवढ्यात मोठा स्फोट झाला. जपानच्या आय-२९ या पाणबुडीने सोडलेला पाणतीर तिलावाला लागला होता.

क्षणात एकच हलकल्लोळ झाला. अंधारात आई मुलाला हाक मारीत होती, मूल आईला शोधत होते. लोकांनी होड्यांकडे धाव घेतली. काही होड्या घाईगर्दीत नीट उतरल्या नाहीत. काही माणसे समुद्रात पडली. भीतीने माणसाचे भान जाते आणि भान गेले, की हाताशी असलेले साधनही कामाला येत नाही. म्हणूनच आज प्रत्येक प्रवासी जहाजावर, संकटात काय करायचे याची तालीम प्रवाशांकडून आधीच करून घेतली जाते. तुमच्या शाळेत आगीची तालीम होते ना? ती कंटाळवाणी वाटली तरी मन लावून करा.

या गोंधळात एक माणूस आपल्या खोलीत बसून काम करीत होता. त्याचे नाव डंकन. तो जहाजाचा मुख्य रेडिओ अधिकारी होता. मदतीसाठी बिनतारी संदेश पाठवणे हे त्याचे काम. तो संदेश पाठवत राहिला. जहाज कुठे आहे आणि कोणत्या संकटात आहे, हे किनाऱ्याला आणि इतर जहाजांना कळावे म्हणून त्याची धडपड चालली होती. त्यालाही जीव प्यारा असेल. त्याचेही कोणी घरी वाट पाहत असेल. पण हा संदेश गेला नाही, तर होड्यांत बसलेल्या शेकडो लोकांचा पत्ता कोणाला लागणार?

पहिल्या पाणतीरानंतर तिलावा लगेच बुडाले नाही. ते पाण्यावर तरंगत राहिले. तेव्हा होड्यांतील लोकांना आशा वाटू लागली. काही जण जहाजाकडे परत फिरले. आणि मग दुसरा पाणतीर आला. या आघातानंतर मात्र जहाज फार वेळ तग धरू शकले नाही. पाहता पाहता ते समुद्रात गडप झाले. डंकनही त्याच्याबरोबर गेला.

आता उरले होते फक्त पाणी. होड्या, तराफे आणि हाती लागतील त्या फळ्या धरून लोक तरंगत होते. सूर्य उगवला. दिवसा डोक्यावर ऊन आणि सभोवती खारे पाणी. समुद्रात बसून माणूस तहानेने व्याकूळ होतो, कारण ते पाणी पिता येत नाही. प्यायले तर तहान अधिकच वाढते. रात्र झाली, पुन्हा सकाळ झाली. अखेर २५ नोव्हेंबरला क्षितिजावर एक जहाज दिसले. ते बर्मिंगहॅम नावाचे ब्रिटिश लढाऊ जहाज होते. त्यावरील नाविकांनी ६७४ लोकांना पाण्यातून वर घेतले. कार्थेज नावाच्या दुसऱ्या जहाजाने आणखी चौघांना वाचवले. २७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम मुंबईला पोहोचले. आठवड्यापूर्वी ज्या बंदरातून लोकांनी निरोप घेतला होता, त्याच बंदरात ते परत उतरले. पण सगळेच परतले नव्हते. ९५८ पैकी ६७८ वाचले होते. २८० माणसे समुद्राने गिळली होती.

मित्रांनो, २८० हा आकडा वाचून आपण पुढे जातो. जरा थांबा. तुमच्या वर्गात किती मुले आहेत? ४०? ५०? मग असे सहा-सात वर्ग डोळ्यांसमोर आणा. एका रात्रीत ते सगळे रिकामे झाले असे समजा. म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

तुम्ही विचाराल, युद्धाला काही नियम नसतात का? असतात. १९३६ साली लंडनमध्ये पाणबुड्यांविषयी एक करार झाला होता. व्यापारी जहाज बुडवण्यापूर्वी त्यातील प्रवासी आणि खलाशी यांना सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, असा त्याचा नियम होता. ब्रिटन, अमेरिका आणि जपान या देशांनी त्यावर सह्या केल्या होत्या. जर्मनीनेही पुढे तो मान्य केला. पण युद्ध पेटले आणि हा नियम कागदावरच राहिला. पाणबुडी लहान, तिच्यात शेकडो लोकांना घ्यायला जागा कुठून असणार? पाण्यावर येऊन इशारा द्यावा, तर समोरच्या जहाजावरून तिच्यावर तोफ डागली जाण्याची भीती. कारण व्यापारी जहाजांवरही तोफा बसवल्या जाऊ लागल्या होत्या. तिलावावर चार तोफची होते, हे तुम्ही वाचलेच आहे. अशी कारणे प्रत्येक देशाने दिली आणि प्रत्येक देशाच्या पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे बुडवली. नियम मोडण्यासाठी प्रत्येकाजवळ कारण होते. मरणाऱ्यांना मात्र कोणी कारण सांगितले नाही.

आय-२९ चे पुढे काय झाले? ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. एप्रिल १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून जपानकडे निघाले होते. मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात ते जर्मन पाणबुडीतून रबरी तराफ्यावर उतरले आणि दुसऱ्या पाणबुडीत चढले. ही दुसरी पाणबुडी म्हणजे हीच आय-२९! त्यांच्याबरोबर एकच हिंदी सोबती होता. ते होते हैदराबादचे आबिद हसन. ‘जय हिंद’ ही घोषणा आबिद हसन यांनीच सुचवली असे मानले जाते. ज्या पाणबुडीने हिंदी प्रवाशांचे जहाज बुडवले, तिनेच पाच महिन्यांनी हिंदुस्थानच्या एका थोर नेत्याला सुखरूप पुढे नेले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. एका बाजूचे सारे चांगले आणि दुसऱ्या बाजूचे सारे वाईट, असे म्हणून तो संपत नाही.

पुढच्या वर्षी, २६ जुलै १९४४ रोजी, फिलिपाइन्सजवळ अमेरिकेच्या सॉफिश या पाणबुडीने आय-२९ वर पाणतीर सोडले. ती बुडाली. तिच्यातील सुमारे शंभर लोकांपैकी एकच जण वाचला. त्या जपानी खलाशांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असेलच.

आता चांदीकडे येऊ. तिलावा सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यात पडून होते. २०१७ साली एका इंग्रज कंपनीने यंत्रांच्या मदतीने तेथून चांदीच्या २३६४ विटा वर काढल्या आणि इंग्लंडला नेल्या. मग वाद सुरू झाला. चांदी आमची, असे दक्षिण आफ्रिकेचे सरकार म्हणाले. ती काढण्याचा मोबदला द्या, असे कंपनी म्हणाली. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. एक एक वीट मोजली गेली. तिच्यासाठी वकील उभे राहिले, कागदपत्रे तयार झाली.

आणि माणसे? युद्धकाळात जहाज बुडाल्याच्या बातम्या लोकांपुढे मोकळेपणाने येत नसत. शत्रूला माहिती मिळू नये, हा त्यामागचा हेतू असे. नंतर देश स्वतंत्र झाला, नव्या घटना घडल्या आणि तिलावाची आठवण मागे पडली. घराघरांत मात्र ती राहिली. ज्यांचे आजोबा परतले नाहीत, ज्यांची आजी तराफ्यावर दोन दिवस काढून आली, त्यांच्या घरी ही गोष्ट मुलांना सांगितली जात होती. अखेर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, या घटनेला ८० वर्षे झाली तेव्हा, मुंबईत बॅलार्ड इस्टेट भागात त्या लोकांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. निरनिराळ्या देशांतील कुटुंबे त्यासाठी एकत्र आली.

मुंबईत मस्जिद बंदर भागात खलाशांसाठी बांधलेले एक जुने वसतिगृह आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या खलाशांची नावे असलेला स्मृतिग्रंथ तेथे ठेवलेला आहे. त्यात सुमारे सहा हजार नावे आहेत. या लोकांना ना कबर मिळाली, ना चिता. समुद्र हीच त्यांची कबर. जमिनीवर त्यांची एकच खूण उरली आहे. ती म्हणजे त्यांचे नाव.

विद्यार्थी मित्रांनो, बुडालेली चांदी शोधून काढायला पैसा लागतो, यंत्रे लागतात. विसरलेली माणसे शोधून काढायला मात्र फक्त एक प्रश्न पुरतो. तुमच्या घरात किंवा गावात कोणी खलाशी होते का? ते कोणत्या जहाजावर होते? कोणत्या बंदरांना गेले? परत आले का? हा प्रश्न आजच विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसे कायम आपल्याजवळ राहत नाहीत.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट, वृत्तांत.
तोफची – तोफ चालवणारा.
तळ – छावणी, मुक्कामाची जागा.
पाणतीर – पाण्यातून धावून जहाजावर आदळणारे स्फोटक अस्त्र.
तालीम – सराव.
तराफा – फळ्या किंवा ओंडके बांधून केलेले तरंगण्याचे साधन.
व्याकूळ – बेचैन, कासावीस.
क्षितिज – आकाश व समुद्र जिथे टेकल्यासारखे दिसतात ती रेषा.
मोबदला – केलेल्या कामाबद्दल मिळणारी रक्कम.

वाक्प्रचार
मृत्युमुखी पडणे – मरण पावणे.
हलकल्लोळ होणे – मोठा गोंधळ होणे.
तग धरणे – टिकून राहणे.
कागदावर राहणे – प्रत्यक्षात न येणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्यापारी जहाज कशाला म्हणतात?
(आ) तिलावा मुंबईहून केव्हा निघाले?
(इ) जपानने पाणबुड्यांचा तळ कोठे केला होता?
(ई) तिलावावरील ६७४ लोकांना कोणत्या जहाजाने वाचवले?
(उ) आय-२९ मध्ये नेताजींबरोबर कोण होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाणबुडी खाली कशी जाते व वर कशी येते?
(आ) व्यापारी जहाजे पाणबुडीचे मुख्य लक्ष्य का असत?
(इ) रेडिओ अधिकारी डंकन आपली जागा सोडून का गेला नसेल?

३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
‘चांदी मोजली गेली, माणसांची आठवण मात्र मागे पडली.’ पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) तिलावावर एकूण ........ लोक होते.
(आ) डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाला ........ म्हणत.
(इ) समुद्रातून चांदीच्या ........ विटा वर काढण्यात आल्या.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सुरक्षित, जड, आशा, शत्रू, अंधार.

६. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

७. या पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, त्यांची यादी करा. मराठीत व उर्दूत त्यांचा अर्थ सारखाच आहे का, ते पाहा.

उपक्रम : जगाच्या नकाशात मुंबई, पेनांग, सेशेल्स, मोंबासा आणि डर्बन ही ठिकाणे शोधा. मुंबईपासून डर्बनपर्यंत तिलावाचा नियोजित मार्ग पेन्सिलीने दाखवा.